लाल बटण दाबायचं नाही

माझ्या लेकीच्या घरी, पुण्याला, टीव्हीखाली गेमच्या दोन मशीन आहेत. एक असताना दुसरी कशाला, म्हणून मी विचारलं, तर जावई मान खाली घालून म्हणाले, "आई, एक गेम फक्त हिच्यावरच चालते. त्या एका गेमसाठी घ्यावी लागली." लेक माझ्याकडे आशेने बघत होती. तिला वाटलं, आई आता चार शब्द सुनावणार. मी म्हटलं, "बरोबर केलंत," आणि लेक रुसून स्वयंपाकघरात गेली.

तिला काय ठाऊक? ती तेव्हा रांगत होती. तिच्या आईचं दुकान एका गेमवर टांगलेलं होतं, आणि ती गेम अख्ख्या रावेरमध्ये फक्त एका मशीनवर चालत होती. ती मशीन माझी होती. आणि हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको: मला ती गेम कधी खेळता आली नाही. आजही येत नाही. दुसऱ्या चढावर माझी गाडी उलटते.

मी मूळची साक्रीची. धुळ्याच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला. वर्गात मुलगी मी एकटीच. सर हजेरी घेताना माझ्या नावाशी आले की उगाच खाकरायचे. लग्न होऊन रावेरला आले, तेव्हा रुखवतात माझं सोल्डरिंगचं खोकं होतं. नवऱ्याची नोकरी भुसावळला, रेल्वेत. घरी सासरे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. आबा केळीकापणीच्या टोळीचे मुकादम होते. उभा जन्म बागांत गेला. कुठला घड आज कापायचा आणि कुठला चार दिवस ठेवायचा, हे ते लांबून बघून सांगत. गुडघे गेले तसं काम सुटलं, आणि मग घरात बसून ते सगळ्या घराची मुकादमकी करायला लागले.

आमच्या घराची पुढची खोली रस्त्यावर उघडणारी. समोरच मोकळी जागा, आणि तिथं केळीचे ट्रक थांबलेले. बागेतून माल यायचा, भरला जायचा, आणि गाड्या दिल्लीकडे निघायच्या. त्या खोलीत मी दुरुस्ती सुरू केली. आबांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. मी त्याला हो समजले.

टीव्ही दुरुस्तीतून मी गेमकडे कशी वळले, तर गिऱ्हाइकांमुळेच. लोकांनी पोरांसाठी मुंबई-सुरतहून टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीन आणल्या, आणि त्या बिघडून माझ्याकडे यायला लागल्या. दुरुस्त केलेली मशीन चालते का बघायला मी ती दुकानातल्या टीव्हीला जोडायची, की दारात ही गर्दी. म्हटलं, हे बरं आहे. एक मशीन विकत घेतली आणि अर्ध्या तासाचे पैसे घेऊन खेळू द्यायला लागले.

ज्यांनी हा धंदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गेम कॅसेटमध्ये असायची. गाण्याची असते तशी नव्हे. ही प्लास्टिकची चपटी डबी, खालच्या बाजूला पिवळ्या पट्ट्या, त्या मशीनच्या खाचेत बसवायच्या. पट्ट्यांवर धूळ बसली की पडद्यावर नुसते चौकोन. मग प्रत्येक जण काय करणार? कॅसेट तोंडाजवळ धरून फू. साऱ्या भारतात हा एकच इलाज, आणि साफ चुकीचा. तंबाखू खाणाऱ्याने फुंकर मारली की पट्टीवर काय जातं ते मला विचारा. मी शाळेतला खोडरबर घेऊन पट्ट्या पुसायची, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'फुंकू नये.' तर लोक माझ्याकडे पाठ करून फुंकायचे.

दुसरी अडचण विजेची. बागांचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आत यायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, गेम आटली." आटली तर आटली. तेवढ्यातच खेळायचं.

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. एक हवालदार यायचे. पहिल्या दिवशी आले ते इथे जुगार चालतो का बघायला. मी त्यांच्या हातात खेळण्यातली बंदूक दिली. पडद्यावर पक्षी उडतात, ते मारायचे. त्यानंतर रोज दुपारी हजर. नेम लागेना तेव्हा म्हणाले, बंदुकीत खोट आहे. मग खुर्ची पुढे सरकवत सरकवत शेवटी नळी काचेला टेकवून पक्षी मारायला लागले, आणि तरी दोन सुटलेच. मी हसले नाही. खाकीला हसायचं नसतं.

सगळं बरं चाललं होतं, आणि मग बसस्टँडजवळ विलासभाऊंनी दुकान टाकलं. चार मशीन, चार रंगीत टीव्ही, आणि एकेका कॅसेटमध्ये शेकडो गेम. तसं त्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं. खऱ्या गेम दहा-बारा, बाकी त्याच पुन्हा पुन्हा, गाडीचा रंग तेवढा बदलून. पण हे मी कोणाला सांगत बसू? पोरं गेली. हवालदारही गेले. माझ्या दारात कुत्रं तेवढं यायचं, सावलीला.

आबांनी हे सगळं ओसरीवरून पाहिलं. दिवाळीच्या पाडव्याला झांबरशेठ घरी आले. हे केळीचे व्यापारी, आबांचे जुने संबंधातले, माणूस सरळ. त्यांना गाड्यांच्या समोर ऑफिससाठी खोली हवी होती. आबांनी शब्द दिला: आखाजीला खोली देतो. शेठ गेल्यावर मी विचारलं, "आणि माझं दुकान?"

आबा म्हणाले, "कोनतं दुकान? दुकान म्हंजे दारात मानूस दिसला पाह्यजे. आखाजीपावेतो दिसला तं बघू."

आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात तिला दिवाळीइतकाच मान. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, शेतीतले जुने करार संपतात आणि नवे धरतात. म्हणजे माझ्या हातात हिवाळा आणि अर्धा उन्हाळा होता. नवरा म्हणाला, "खोली गेली तर गेली, घरात बसून कर ना दुरुस्ती." घरात कुठं? माजघरात, धान्याच्या कोठीशेजारी? तिथं कोण गिऱ्हाईक येणार होतं? मला पक्कं माहीत होतं, एकदा का ती खोली गेली की मी फक्त घरातली सून राहणार. माझं सोल्डरिंगचं खोकं माळ्यावर जाईल आणि मीही त्याच्याबरोबर.

अशात भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं एक कुटुंब बदली होऊन निघालं होतं, त्यांचं सामान विकायला होतं. त्यांचा कोणी भाऊ जहाजावर. त्याने आणलेली एक जपानी मशीन पडून होती. आपल्याकडच्या कुठल्याच कॅसेट तिच्यात बसेनात, आणि तिच्याबरोबर कॅसेट एकच. ती कॅसेट दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये बसेना. मी ती घेतली. नवऱ्याने कपाळावर हात मारला. "तो विलास शेकडो गेम देतो, आणि तू एका गेमची मशीन आणलीस?"

खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. जपानी मशीन शंभर व्होल्टची. आपल्या विजेवर थेट लावली तर धूर. मी स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. मशीन चालू झाली, चित्र आलं, पण काळं-पांढरं, कारण त्यांची रंगाची पद्धत वेगळी. पडद्यावर एक छोटा ट्रक डोंगर चढतोय, मागे पांढुरके गोळे रचलेले. अक्षरं सगळी जपानी. बघायला आलेला एक शेतकरी म्हणाला, "हा तं कापूस चालला." आम्हाला सगळ्यांना पटलं. कापसाची गाडी. आठवडाभर तिचं नाव तेच होतं.

मग आखातातून परतलेल्या एका गृहस्थाने बिघडलेला टीव्ही आणला, दोन्ही पद्धती चालणारा. दुरुस्तीवर खर्च करण्यापेक्षा नवा घेतो म्हणाला आणि हा मला देऊन टाकला. मी तो दुरुस्त केला, मशीन जोडली, आणि पडद्यावरचे गोळे पिवळेधमक झाले.

दारात तेव्हा हिलालनाना उभे होते. शिरपूरकडचे ड्रायव्हर, रावेर-दिल्ली केळी वाहायचे. मी साक्रीची म्हणून माझ्याशी हट्टाने अहिराणीत बोलायचे, आणि मलाही ते ऐकून माहेरी गेल्यासारखं वाटायचं. त्यांनी पडदा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, ही तर केळीनी गाडी शे."

झालं. त्या दिवसापासून ती केळीची गाडी.

आता तिथं ट्रक थांबायचे, हे मी सांगितलंच. माल भरेपर्यंत ड्रायव्हरला काही काम नसतं. टायरला लाथ मारायची, चहा प्यायचा, पुन्हा टायरला लाथ मारायची. मी इतके दिवस गिऱ्हाईक म्हणून पोरांकडे बघत होते, आणि हे रिकामे बसलेले मिशीवाले माझ्या डोळ्यांसमोर होते. हिलालनाना पहिले बसले. दिवसभर स्टिअरिंग फिरवून दमलेला माणूस विश्रांतीला काय करतो, तर पडद्यावर ट्रक चालवतो. मला हसूच आलं. नाना म्हणाले, "ह्या गाडीले डिझेल नई लागत, मालक नई लागत. चालवू दे."

गेम अशी: ट्रक डोंगरातून जातो. खड्ड्यात आदळला की पिवळा माल उडतो, जास्त उडाला तर मागे सांडतो. पाठीमागून काळ्या जीपगाड्या येतात. शेवटी दिव्यांचं मोठं शहर. ते दिल्ली, यावर कोणाचं दुमत नव्हतं. काळ्या जीप म्हणजे नाक्यावरचे वसुलीवाले, यावर तर नव्हतंच नव्हतं. हातातल्या यंत्रावर दोन बटणं. हिरवं दाबलं की गाडी पळते. लाल दाबलं की ट्रकमधला माल उडून मागे पडतो.

लाल बटण कोणाकडून पहिल्यांदा दाबलं गेलं ते आठवत नाही, पण त्याच्या शेजारी बसलेल्याने त्याच्या हातावर चापट मारली होती, ते आठवतं. "अरे, माल फेकतो काय?" आणि माल पडला की वरच्या कोपऱ्यातला आकडा वाढायचा. तो आकडा म्हणजे नुकसान, हे कोणी ठरवलं नाही, सगळ्यांना ते आपसूक कळलं. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो जिंकला. शेवटी मशीन जोरात वाजंत्री वाजवून काहीतरी जपानी लिहायची, तिकडे कोणी बघायचं नाही.

आबा आले ते भांडायला. दुपारची झोप मोडली होती. दारात उभे राहिले, पडद्याकडे नजर गेली, आणि जे बोलायला आले होते ते विसरले. एक तरणा ड्रायव्हर गाडी दणादण खड्ड्यांतून नेत होता. आबांनी थोडा वेळ सहन केलं. मग म्हणाले, "भो, तो माल हाये. असा आपटत नेशीन तं दिल्लीले काळी केळी विकशीन काय?"

तो पोरगा म्हणाला, "आबा, गेम आहे ही."

"गेम तुही असंन. केळी आमची हाये."

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतःची खुर्ची आणून टीव्हीशेजारी ठेवली. तिसऱ्या दिवशी नियम सुरू झाले. गाडी काढण्याआधी ड्रायव्हरने माल बघायचा, म्हणजे उठून टीव्हीच्या टेबलाभोवती एक चक्कर मारायची. खरा ड्रायव्हर दोर-ताडपत्री बघतो तशी. मला वाटलं, लोक हसतील आणि जातील. एकही हसला नाही. दोर ओढून तळहाताला घट्टे पडलेली माणसं मुकाट्याने टेबलाभोवती फिरून बसायची. चुकून जरी लाल बटण दाबलं तर डाव बाद. पहिल्या चढावर माल सांडला तर आबा म्हणायचे, "तुनं भरतानाच लक्ष दिलं नई." आता त्या गेममध्ये माल भरायची सोयच नव्हती, पण हे त्यांना कोण सांगणार? एक फेरी एकही गोळा न सांडता झाली, तर तिला कोरी गाडी म्हणायचं. कोरी गाडी आणणाऱ्याला चहा. तो चहा माझ्याकडून, हेही आबांनीच ठरवलं.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्या गर्दीत बायका-मुली आल्या नाहीत. समोरच्या घरातल्या दोघी दाराआडून बघायच्या. मी बोलवायची, त्या लाजून आत जायच्या. दुपारी एखादा तास फक्त बायकांसाठी ठेवला असता तर आल्या असत्या. मला सुचलं, तोवर फार उशीर झाला होता. आयटीआयमध्ये एकटी मुलगी म्हणून तीन वेळा रडलेली बाई मी, मला तरी सुचायला हवं होतं.

तर दारात आता माणसं दिसत होती. सावद्याचे, फैजपूरचे ड्रायव्हर वाट वाकडी करून यायचे. विलासभाऊंकडे शेकडो गेम, पण ही नव्हती. शेकडो गेम कुठंही मिळतात. जी एकाच ठिकाणी मिळते, तिच्यासाठी माणूस चालत येतो. मोठमोठ्या कंपन्या आज हेच करतात, एखादी गेम आपल्याच मशीनवर बांधून ठेवतात. मला कोणी शिकवलं नव्हतं, मी आपली नशिबाने त्यात पडले होते. आबा मात्र खोलीबद्दल अवाक्षर काढत नव्हते. झांबरशेठना शब्द दिलेला, आणि शब्द म्हणजे आबांचा जीव. मीही विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

आखाजीला आठवडा राहिला असेल, आणि विलासभाऊंनी मुंबईहून तीच मशीन आणली. तीच कॅसेट. रंगीत टीव्ही माझ्यापेक्षा मोठा. वर त्यांचा शालक सणासाठी नाशिकहून आला होता, त्याने ही गेम कुठंतरी खेळलेली. त्याने चार ड्रायव्हरांना बोलवून दाखवलं.

दाखवलं काय, तर सगळी गेम लाल बटणातच होती. ती केळी नव्हती. ते बॉम्ब होते. मागून येणाऱ्या जीपगाड्यांवर फेकायचे. बॉम्ब पडला की आकडा थोडा वाढायचा, जीप उडाली की भराभर, आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. म्हणूनच ती वाजंत्री. इतके दिवस आम्ही बॉम्ब जपत दिल्लीला पोचवत होतो, आणि एक चुकून पडला की हळहळत होतो.

साऱ्या रावेरमध्ये हशा पिकला. माझ्या पाठीमागे नव्हे, तोंडावर. भाजीवाली म्हणाली, "काय शोभाताई, केळी फुटली म्हणे." ड्रायव्हर सगळे विलासभाऊंकडे. धमाके ऐकायला. हिलालनानासुद्धा. मी कोणाला दोष देणार? खरी गेम तिकडे होती. माझ्याकडची चुकीची होती, आणि चुकीची खेळायला कोण पैसे देतो? दार पुन्हा रिकामं पडलं. मी मुकाट्याने पेचकस, तारा, मीटर खोक्यात भरायला लागले.

आबा एक दिवस काठी घेऊन बाहेर पडले. विलासभाऊंच्या दुकानात गेले होते, हे मला नंतर कळलं. तिथं गेले, सवयीने टेबलाभोवती चक्कर मारली, लोक हसले. मग उभ्या जन्मात पहिल्यांदा यंत्र हातात घेतलं आणि लाल बटण दाबलं. एकदा. जीप उडाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी यंत्र खाली ठेवलं आणि परत आले. टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसले, ते रोज बसायला लागले. समोर बंद टीव्ही. मी म्हटलं, "आबा, आत चला, जेवून घ्या." म्हणाले, "इथंच आन."

आखाजीचा दिवस उजाडला. समोरच्या निंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली. माझं खोकं बांधून दारात ठेवलेलं. नवऱ्याने सुट्टी घेतली होती, टेबल उचलायला. झांबरशेठ नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन आले. आबा खुर्चीतच.

तेवढ्यात हिलालनाना आत शिरले. गाडी समोर उभी करून, चप्पल दारात काढून. विलासभाऊंकडे न जाता इकडे कसे, म्हणून मी बघतच राहिले. नाना जरा खजील होते. म्हणाले, "ताई, तठे बठ्ठा माल फेकी दिधा. आकडाभी मोठा उना. पन मन्हा जीवले बरं नई वाटनं." तिकडे सगळा माल फेकून आकडा मोठा आला, तरी त्यांच्या जिवाला बरं वाटलं नव्हतं. मग आबांकडे वळून म्हणाले, "आबा, कोरी गाडी आननी शे. लावा टीव्ही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकं सोडलं, तारा काढल्या, मशीन जोडली. पडद्यावर नुसते चौकोन. त्या एका दिवशी मी स्वतः कॅसेटवर फुंकर मारली. पिवळा माल पडद्यावर आला. नाना उठले आणि टेबलाभोवती चक्कर मारायला लागले. शेठ नारळ घेऊन वाटेत उभे होते, त्यांना नानांनी हाताने अलगद बाजूला केलं. मागोमाग आणखी दोन ड्रायव्हर दारात येऊन उभे राहिले, नंबर लावून.

शेठ म्हणाले, "आबा, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," आबा म्हणाले. "म्या शब्द देल्ला, ते खरं. पन शेठ, आज आखाजी हाये. साल धरायचा दिवस. म्या आजपासून चाकरी धरली."

साल धरतो तो सालदार, म्हणजे शेतावर वर्षभराच्या कराराने राहणारा गडी. आबांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांना साल धरायला लावलं होतं. शेठ चक्रावले. "या वयात? कोणाकडं?"

"इथंच. हिच्याकडं." आणि मला म्हणाले, "बोल, काय देशीन?"

नवरा टेबल धरून तसाच उभा. मी म्हटलं, "दोन वेळा चहा."

"तीन. आन् माल सांडला का नई, ते म्या सांगीन. त्याच्यावर कोनी बोलायचं नई. मालकिनीनंबी नई."

"बरं," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि पदर कुठं आहे तेच सापडेना.

शेठनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग पुन्हा आबांकडे वळून हळूच म्हणाले, "पण आबा, खोलीचं काय?"

आबा टीव्हीकडे बघत होते. नानांची गाडी पहिला चढ चढत होती. मान न वळवता म्हणाले, "मले काय इचारता? मी सालदार मानूस. मालकिनीले इचारा."

आणि झांबरशेठ, ज्यांच्या शब्दावर तालुक्यातली केळी हलायची, नारळ घेऊन माझ्याकडे वळले. त्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती. कुठली भिंत रंगवायची, कुठला माठ फेकायचा, हेही मला कोणी विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "खोली रिकामी नाही, शेठ. पण नारळ असू द्या इथं. दुकानाचं साल आजच सुरू होतंय."

शेठ दिलदार माणूस. नारळ माझ्या हातात ठेवला, आणि दिल्लीपर्यंत काय होतं ते बघायला स्टूल ओढून बसले.